वेगास लगाम : मोटारीच्या चकती-ब्रेकची कथा

मोटारींच्या शर्यतीची वार्ता वर्तमानपत्रांत येते तेव्हां तींत एंजिनाचें वर्णन असतें, चालकाच्या धाडसाचें असतें, आणि ताशीं किती किलोमीटर वेग गांठला त्याचा आंकडा तर मथळ्यांतच असतो. परंतु ती मोटार वळणापूर्वीं आवरली कशी, याविषयीं एक ओळहि सहसा सांपडत नाहीं. घोड्याचें कौतुक होतें, लगामाचें होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. वास्तविक, लगाम न मानणारा घोडा कितीहि चपळ असला तरी शर्यतीच्या उपयोगाचा नाहीं, हें कोणाहि स्वारास ठाऊक असतें. मोटारीचेंहि तसेंच आहे. चालक वेग वाढवितो तो थांबण्याच्या भरंवशावर वाढवितो. हा भरंवसा जितका पक्का, तितक्या उशिरां त्याचा पाय ब्रेककडे वळतो. आणि जो उशिरां ब्रेक दाबूनहि वळण सुखरूप घेतो, त्याच्याच गळ्यांत बहुधा विजयमाळ पडते.

शर्यतीच्या मार्गावर दिवसभर धांवून आलेली एखादी स्पोर्ट्स मोटार आज कारखान्यांत उचलून धरली जाते, तिचीं चाकें काढलीं जातात, आणि मिस्त्री हातांत विजेरी घेऊन एकेका चाकामागें डोकावतो. तेथें एक लोखंडी चकती असते आणि त्या चकतीच्या कडेस दोन्ही अंगांनीं कवेंत घेऊन बसलेला धातूचा एक चिमटा असतो. या चिमट्यास कॅलिपर म्हणतात. त्याच्या पोटांत दट्टे असतात. दट्ट्यांपुढें घर्षणद्रव्याचे पॅड असतात. पायाचा दाब आला कीं हे पॅड फिरत्या चकतीस दोहों बाजूंनीं आवळतात. मिस्त्री रबर चांचपून पाहतो, पॅडची जाडी मोजतो, चकतीवर बोट फिरवितो. त्याची ही तपासणीची यादी कोणा एका पंडितानें मेजाशीं बसून लिहिलेली नाहीं. तिच्यांतील बहुतेक कलमांमागें कोणती तरी शर्यत, कोणती तरी फजिती, आणि एके ठिकाणीं तर भयंकर प्राणहानि उभी आहे. ती यादी कशी घडत गेली हें पाहणें मोठें उद्बोधक आहे.

ब्रेकची मूळ कल्पना गाडीइतकीच जुनी. उतारावर गाडी अनावर होऊं नये म्हणून चाकावर लांकडी ठोकळा घासत ठेवण्याची युक्ति देशोदेशींच्या गाडीवानांना ठाऊक होती. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत, टेकड्यांच्या चढउतारांवर, शेतकरी या ठोकळ्यांस जुन्या बुटांचें चामडें ठोकीत. हर्बर्ट फ्रूड नांवाच्या एका चौकस गृहस्थाच्या तें दृष्टीस पडलें. लांकडापेक्षां चामडें चांगलें धरतें, मग चामड्यापेक्षां चांगलें धरणारें कांहीं तयार करतां येणार नाहीं काय, असा विचार त्याच्या मनांत आला आणि १८९७ सालीं त्यानें प्रयोगांस आरंभ केला. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यानें ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचें अस्तर तयार केलें. स्वतःच्या नांवांतील अक्षरें उलटसुलट करून व पत्नीच्या नांवाचें आद्याक्षर त्यांत मिसळून त्यानें आपल्या मालास 'फेरोडो' हें नांव दिलें. तें आजहि मोटारीच्या कारखान्यांतून ऐकूं येतें. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसास घातक असल्याचें पुढें सिद्ध झालें आणि त्याची जागा दुसऱ्या द्रव्यांनीं घेतली. परंतु ब्रेकची धूळ हवेच्या झोतानें फुंकून उडवूं नये, ती ओल्या फडक्यानें पुसावी, हा नियम तेव्हांपासून यादींत जाऊन बसला.

चकती आणि तिला आवळणारा चिमटा ही कल्पनाहि अशीच फार जुनी आहे. बर्मिंगहॅमचा प्रतिभावान यंत्रज्ञ फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यानें १९०२ सालींच या रचनेचें पेटंट घेतलें होतें. आजच्या रचनेचें सारें मर्म त्या कागदावर उतरलें होतें. पण त्या मर्माला धारण करणारें साहित्य जगांत नव्हतें. चकतीवर घासण्यास लँचेस्टरनें तांब्याचे तुकडे योजिले. ते घासूं लागले कीं असा कर्कश किंकाळ्यांचा आवाज निघे कीं गाडीतले प्रवासी कान झांकून घेत. त्यांतच त्या काळचे रस्ते म्हणजे धुळीचे लोट. उघड्या चकतीवर ती धूळ बसे आणि मऊ धातु भराभर झिजून जाई. कल्पना काळाच्या पुढें गेली म्हणजे तिला वाट पहावी लागते. या कल्पनेस अर्धें शतक वाट पहावी लागली.

मध्यंतरीं राज्य केलें तें ढोल-ब्रेकनें. चाकाबरोबर फिरणारा एक उथळ पोकळ ढोल, आणि त्याच्या आंतून बाहेर दाबले जाणारे दोन अर्धचंद्राकार जोडे, अशी ही रचना. ती झांकलेली असल्यानें धूळपाण्यापासून बचाव होई. आरंभीं हे जोडे लोखंडी तारांनीं किंवा दांड्यांनीं ओढले जात. चारहि चाकांच्या तारा सारख्या ताणलेल्या राहणें कठीण. एक सैल पडली कीं मोटार एका अंगास ओढली जाई. यावर तोड काढली ती अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यानें. विमानांच्या व्यवसायांत ज्या बंधूंचें नांव अजरामर झालें त्यांपैकींच हा एक. बंद नळींतील द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम शाळेंतील मुलेंहि घोकतात. लॉकहीडनें त्याचा उपयोग ब्रेकसाठीं केला. १९२१ सालीं फ्रान्समधील ल मां या गांवीं झालेल्या ग्रां प्रीमध्यें जिमी मर्फी या अमेरिकन चालकानें ड्यूसेनबर्ग मोटार जिंकून आणली, तिच्या चारहि चाकांस द्रवदाबाचे ब्रेक होते. ल मां हें नांव या कथेंत पुन्हां दोनदां यावयाचें आहे.

परंतु ढोलाच्या अंगीं एक खोड होती, आणि ती वेग वाढूं लागला तशी उघडी पडली. ब्रेकचें काम चाक धरून ठेवणें एवढेंच आहे असें आपणांस वाटतें. वास्तविक तें गतीची उष्णता करून ती हवेंत टाकून देण्याचें आहे. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते, कारण गतिशक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ढोल तापला कीं प्रसरण पावतो, म्हणजे आंतील जोड्यांपासून दूर पळतो. पायाची खटकी अधिकाधिक खोल जाऊं लागते. इकडे अस्तराचें घर्षण उष्णतेनें कमी होतें. आणि उष्णता निघून जावी तर ती ढोलाच्या पोटांत कोंडलेली. घाटाच्या दीर्घ उतारावर किंवा शर्यतीच्या दहा-वीस फेऱ्यांनंतर चालक पायानें दाबतो आणि मोटार ऐकत नाहीं, असा बिकट प्रसंग येई. उघड्या चकतीस ही अडचण नाहीं. ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच सरकते, आणि दोहों बाजूंनीं वारा लागून निवते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानें जड झालीं, त्यांचा उतरण्याचा वेग वाढला, आणि त्यांच्या चाकांसाठीं चकती-ब्रेक पुढें आला. डनलॉप कंपनीनें या कामांत मोठें कौशल्य संपादन केलें. पण विमानाचा ब्रेक मोटारीस जसाच्या तसा चालेना. विमान एकदां उतरतें, एकदां थांबतें, आणि मग निवांत उभें राहतें. मोटारीस दर वळणास ब्रेक दाबावा लागतो आणि दोन वळणांमध्यें निवण्यास मिळते ती अर्ध्या मिनिटाची उसंत. अमेरिकेंत १९४९ सालीं क्रॉस्ले कंपनीनें विमानाच्या धर्तीचे चकती-ब्रेक आपल्या लहान मोटारींस लावले. पण हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर पसरलेल्या मिठानें ते गंजून अडकूं लागले आणि ते सोडून द्यावे लागले. गंजून अडकलेला दट्ट्या हा तेव्हांपासून यादींतील पहिल्या शत्रूंपैकीं एक आहे.

इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथील जॅग्वार कंपनीनें डनलॉपशीं हातमिळवणी केली. जॅग्वारचे मुख्य यंत्रज्ञ विल्यम हेन्स, चांचणी-चालक नॉर्मन ड्युइस आणि तरुण शर्यतपटु स्टर्लिंग मॉस यांनीं 'सी टाइप' या मोटारीवर हे ब्रेक लावून तिला पुन्हां पुन्हां पळविलें. दोन संकटें त्यांच्यापुढें उभीं राहिलीं, आणि तीं दोन्हीं आजच्या मिस्त्रीच्या यादींत आहेत. पहिलें संकट उकळीचें. चकतीची उष्णता पॅडमधून दट्ट्यास आणि दट्ट्यामधून आंतील द्रवास पोंचे, द्रव उकळे, त्याची वाफ होई. द्रव दाबला जात नाहीं पण वाफ दाबली जाते. त्यामुळें पायाची खटकी थेट तळास जाई आणि चाकांस त्याची वार्ताहि नसे. दुसरें संकट पॅड मागें ढकलले जाण्याचें. वेगांत वळण घेतांना चाकाचा कणा व चकती किंचित् वांकतात, पॅडना मागें सारतात, आणि पुढच्या वेळीं पहिला दाब त्या फटी भरून काढण्यांतच खर्ची पडतो. अनुभवी चालक म्हणूनच वळणापूर्वीं खटकीस हलकेच एकदां स्पर्श करून पाहतात.

१९५२ च्या मे महिन्यांत इटलींतील मिल्ले मिल्या या सुप्रसिद्ध शर्यतींत मॉस व ड्युइस चकती-ब्रेक लावून उतरले. पण चाक वळविण्याच्या यंत्रणेंत बिघाड होऊन त्यांना सोडावें लागलें. त्याच वर्षीं जूनमध्यें ल मां येथें चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वारनें ढोल-ब्रेकच ठेवले. वेग वाढावा म्हणून मात्र मोटारींच्या नाकाडाचा आकार बदलला. त्यामुळें एंजिनें तापलीं आणि कंपनीच्या तिन्हीं मोटारी बाद झाल्या. वेगाच्या मागें लागून थंड करण्याकडे दुर्लक्ष केल्याचा तो दंड होता. पण थोड्याच दिवसांनीं रॅम्स येथील शर्यत मॉसनें चकती-ब्रेकच्या सी टाइपवर जिंकली. लँचेस्टरच्या पेटंटास तेव्हां बरोबर पन्नास वर्षें झालीं होतीं.

खरी परीक्षा झाली ती १९५३ सालीं जून महिन्याच्या १३ व १४ तारखांस, त्याच ल मां येथें. मार्गाची एक फेरी साडेतेरा किलोमीटरची. तींत म्यूल्सानचा सुमारें सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता होता, आणि त्याच्या शेवटीं जवळजवळ काटकोनांतील वळण. सी टाइप तेथें ताशीं सुमारें २४० किलोमीटर वेगानें येई आणि वळणासाठीं ताशीं साठेकवर उतरे. मोटारीचें वजन सुमारें एक हजार किलो धरलें तर त्या अवघ्या सात-आठ सेकंदांत जी गतिशक्ति नाहींशी करावी लागे, तिनें सहा लिटर थंड पाण्यास उकळी फुटली असती. आणि त्यांतील बहुतेक भार ब्रेकवर पडे. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन या जोडीनें असें चोवीस तासांत तीनशें चार वेळां केलें. इतर वळणें निराळींच.

प्रतिस्पर्धी कमी नव्हते. फेरारीच्या मोटारींचीं एंजिनें अधिक बलवान् होतीं. अमेरिकेच्या कनिंगहॅमची मोटार सरळ रस्त्यावर जॅग्वारहून वेगानें धांवे. पण ढोलांच्या भरंवशावर त्यांना वळणाच्या आधीं पुष्कळ अगोदर पाय उचलावा लागे, आणि रात्र सरतां सरतां ते ढोल थकत गेले. जॅग्वारचे चालक अखेरपर्यंत त्याच खुणेपाशीं ब्रेक दाबीत राहिले. चोवीस तासांत त्यांनीं ४,०८८ किलोमीटर अंतर तोडलें. सरासरी पडली ताशीं १७० किलोमीटरांची. ताशीं शंभर मैलांची सरासरी त्या शर्यतींत तोंवर कोणीं ओलांडली नव्हती. जॅग्वारच्या मोटारी पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या आल्या. थांबण्याच्या शक्तीनें धांवण्याच्या शक्तीवर मिळविलेला असा विजय मोटारीच्या इतिहासांत विरळा.

येथें ही कथा संपती तर ती सुखांत झाली असती. दोनच वर्षांनीं, ११ जून १९५५ रोजीं, ल मां येथेंच तिला काळें वळण मिळालें. त्या वर्षीं जॅग्वारला चकती-ब्रेक होते. मर्सिडीझच्या मोटारींस मात्र ढोल-ब्रेकच होते. त्यांची उणीव भरून काढण्यासाठीं चालकाच्या पाठीमागें एक मोठें झांकण बसविलें होतें, तें उभें केलें कीं वाऱ्याच्या अडथळ्यानें वेग कमी होई. सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास जॅग्वारवरील माइक हॉथॉर्न यानें लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीली मोटारीस मागें टाकलें आणि लगेच इंधनासाठीं थांबावयाचें म्हणून उजवीकडे येऊन ब्रेक दाबला. मॅक्लिन त्यास चुकविण्यासाठीं डावीकडे वळला. मागून अत्यंत वेगानें पिएर लव्हेघ याची मर्सिडीझ येत होती. ती ऑस्टिन-हीलीच्या पाठीवर आदळून उडाली, बांधावर फुटली, आणि तिचे जळते अवशेष दाटीनें उभ्या असलेल्या प्रेक्षकांत घुसले. लव्हेघ व ऐंशींहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. मर्सिडीझनें रात्रीं आपल्या उरलेल्या मोटारी काढून घेतल्या. शर्यत पुढें चालू राहिली आणि हॉथॉर्न व त्याचा जोडीदार ती जिंकले. त्या विजयाचा आनंद कोणास व्हावा?

चौकशींत कोणाहि चालकावर ठपका ठेवण्यांत आला नाहीं. दोष मुख्यतः मार्गाचा होता. पूर्वींच्या मंद मोटारींसाठीं आंखलेला तो अरुंद रस्ता, इंधनाच्या थांब्यास वेगळी वाट नाहीं, आणि प्रेक्षक हातभर अंतरावर. तो पुढें बदलण्यांत आला. स्वित्झर्लंडनें तर अशा शर्यतींवर बंदीच घातली. परंतु या प्रसंगानें ब्रेकविषयीं एक गोष्ट सर्वांस शिकविली. ब्रेकची ताकद ही एकट्या चालकाची खाजगी बाब नव्हे. एकाच रस्त्यावर एक जण चटकन् थांबूं शकतो आणि मागचा थांबूं शकत नाहीं, तेव्हां पहिल्याचें सामर्थ्यहि धोक्यास कारण होऊं शकतें. शर्यतीस उतरणाऱ्या प्रत्येक मोटारीचे ब्रेक पंचांनीं तपासल्यावांचून तिला सोडूं नये, हा शिरस्ता किती योग्य आहे हें यावरून कळतें.

त्यानंतर चकती-ब्रेक घरगुती मोटारींत झपाट्यानें पसरला. त्याच १९५५ च्या ऑक्टोबरमध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत सिट्रोएनची 'डी एस' पुढच्या चाकांस चकत्या लावून प्रकटली. पुढल्या वर्षीं ट्रायम्फच्या 'टी आर ३' वर त्या आल्या. फेरारी मात्र ढोलांस चिकटून होती. १९५८ च्या सप्टेंबरांत मोंझा येथें हॉथॉर्नच्या फेरारीस डनलॉपचे चकती-ब्रेक लागले, आणि त्या वर्षीं तोच जगज्जेता ठरला. पुढें १९७८ सालीं पोर्शनें आपल्या '९११ टर्बो' वर चार दट्ट्यांचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर बसविले. ते '९१७' या तिच्या शर्यतीच्या मोटारीवरून घेतलेले होते. अशा रीतीनें शर्यतीचा चिमटा दुकानांत विकत मिळूं लागला. आपल्याकडेहि १९९० सालीं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें आणि २०११ सालीं दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें शर्यतीचे मार्ग खुले झाले. शर्यतीचें साहित्य सामान्य ग्राहकाच्या हातीं आलें, त्याबरोबर शर्यतीची जबाबदारीहि आली. कारण शहरांत वर्षानुवर्षें टिकणारा कॅलिपर शर्यतीच्या मार्गावर थोड्या दिवसांतच म्हातारा होतो.

तो म्हातारा कसा होतो हें समजलें म्हणजे यादींतील कलमें आपोआप समजतात. दट्ट्याभोंवतीं खांचेंत चौकोनी छेदाची एक रबरी कडी असते. दट्ट्या पुढें सरकला कीं ती किंचित् पिळवटते; दाब सुटला कीं पूर्ववत् होतांना दट्ट्यास केंसभर मागें ओढते. तेवढ्यानें पॅड चकतीपासून सुटतो. ही कडी वारंवार भाजून कडक झाली म्हणजे तिची ओढ जाते. पॅड चकतीस चिकटून घासत राहतो. त्यानें आणखी उष्णता, आणि उष्णतेनें कडी आणखी कडक, असें दुष्टचक्र सुरू होतें. दट्ट्याच्या तोंडावरील धूळ अडविणारी रबरी टोपी तर त्याच्याहि आधीं जळून चुरा होते, आणि मग धूळ व दमट हवा आंत शिरून दट्ट्यास गंज धरतो. म्हणून मिस्त्री प्रथम चाक अधांतरीं असतांना खटकी दाबून सोडतो आणि चाक हातानें फिरवून पाहतो. तें मोकळें फिरलें पाहिजे. जड फिरलें तर दट्ट्या अडकला असें समजावें. धांवून आलेल्या मोटारीचें एकच चाक इतरांहून फार तापलेलें असेल, किंवा ब्रेक दाबतांच मोटार एका बाजूस जात असेल, तरी संशय तोच.

पॅड म्हणजे कॅलिपरचें रोजचें पत्रक होय. ते काढून शेजारी शेजारी मांडले कीं सर्व हकीकत कळते. कांहीं कॅलिपरांत दट्टे एकाच बाजूस असतात आणि सबंध चिमटा दोन खिळ्यांवर सरकून दुसरी बाजू आवळतो. अशा कॅलिपरांत आंतला पॅड संपत आला आणि बाहेरचा जवळजवळ नवा राहिला, तर ते खिळे वंगण जळून अडकले असें जाणावें. एकच पॅड एका टोंकास अधिक झिजला तर त्याचें कारण निराळें : चकती ज्या कडेनें पॅडखालीं शिरते ती कड अधिक घासली जाते. म्हणूनच चांगल्या शर्यतीच्या कॅलिपरांत त्या बाजूचा दट्ट्या मुद्दाम लहान ठेवतात. आणि पॅड बाहेरच्या कडेस एका मापाचा व आंतल्या कडेस दुसऱ्या मापाचा भरला, तर दाब व उष्णता यांनीं चिमट्याचा जबडाच फांकूं लागला आहे अशी शंका घ्यावी. या दोषावर उपाय म्हणून, दोन अर्ध्या भागांचे जोडलेले कॅलिपर सोडून धातूच्या एकाच ठोकळ्यांतून कोरलेले कॅलिपर शर्यतींत रूढ झाले. जबडा फांकलेला, खांच गंजलेली किंवा दट्ट्यावर ओरखडे उठलेले असतील तर नुसत्या कड्या बदलून भागत नाहीं. कॅलिपरच नवा घ्यावा लागतो. तो एकाच चाकाचा बदलूं नये, एका आंसावरील दोन्हीं चाकांचा बदलावा. नाहींतर एक बाजू तरुण व एक वृद्ध अशी जोडी मोटारीस वांकडी ओढते.

बदलण्याच्या कामांत घाईनें घात होतो. जुना कॅलिपर सोडविल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. तारेनें वर बांधावा. रबरी भागांस पेट्रोल किंवा खनिज तेल लावूं नये, त्यानें तें फुगतें. नळीच्या जोडावरील तांब्याच्या चकत्या नव्या घ्याव्या. उजवा व डावा कॅलिपर दिसावयास इतके सारखे असतात कीं अदलाबदल सहज होते; पण हवा काढण्याची तोटी सर्वांत वर असली पाहिजे. अदलाबदल झाली कीं ती खालीं येते, हवेचा बुडबुडा वरच्या कोपऱ्यांत अडकतो, आणि कितीहि वेळ द्रव काढला तरी खटकी मऊच लागते. चकतीची कमीत कमी जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून पहावी. चकतीवर उष्णतेच्या बारीक रेघा आढळतात. त्यांपैकीं एखादी कडेपर्यंत पोंचली असेल तर चकती टाकून द्यावी.

मग राहिला द्रव. हा द्रव हवेंतील बाष्प शोषून घेतो, आणि पाणी मिसळलें कीं लवकर उकळतो. 'डॉट ४' या सामान्य प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदु २३० अंश सेंटिग्रेडच्या खालीं नसावा लागतो. तोच द्रव ठरलेल्या प्रमाणांत पाणी मिसळल्यावर १५५ अंशांवर उकळला तरी नियमांत बसतो. या पंचाहत्तर अंशांच्या फरकांत मॉस व ड्युइस यांच्या वेळची सगळी कहाणी पुन्हां घडूं शकते. म्हणून शर्यतीच्या दिवसापूर्वीं नवीन बंद डब्यांतील द्रव भरण्याची पद्धति आहे. उघडून ठेवलेला डबा स्वस्त वाटला तरी महाग पडतो. शर्यतीहून परत येतांना एक फेरी सावकाश घालून ब्रेक निवूं द्यावे, आणि तापलेल्या ब्रेकवर हातब्रेक ओढून मोटार उभी करूं नये, हीं कलमेंहि त्याच उष्णतेच्या भयानें यादींत आलीं.

सर्वांत शेवटचें कलम सर्वांत साधें आहे. नवा कॅलिपर बसविल्यावर त्याचे दट्टे पूर्ण मागें असतात. अशा स्थितींत मोटार सुरू करून बाहेर काढली तर पहिल्या दाबास खटकी तळास जाईल आणि मोटार थांबणार नाहीं. म्हणून मोटार जागची हलण्यापूर्वीं खटकी पुन्हां पुन्हां दाबून ती पायास घट्ट लागेपर्यंत थांबावें. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगानें कांहीं वेळां ब्रेक दाबून नवे पॅड चकतीस जुळवून घ्यावे, आणि मगच शर्यतीच्या मार्गाचें नांव काढावें.

फ्रूडला चामड्याचा बूट दिसला, लँचेस्टरला चकती दिसली, ड्युइसला उकळणारा द्रव दिसला. त्या प्रत्येकानें जें पाहिलें तें आज एका मिस्त्रीच्या सवयींत जमा झालें आहे. शर्यतींतील विजेत्यांचीं नांवें फलकांवर कोरलीं जातात. हातांत विजेरी घेऊन चाकामागें वांकलेल्या माणसाचें नांव कोणी कोरीत नाहीं. परंतु मोटारींत बसणारा, तिच्यामागून येणारा आणि तिच्या वाटेच्या कडेस उभा राहणारा, या तिघांचाहि जीव त्याच्या त्या वांकण्यावर अवलंबून असतो, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.